मूळ नस्ती हायकोर्टात जाण्याआधी

"पुढच्या तारखेला मूळ अभिलेख घेऊन हजर राहा," असा सरकारी वकिलांच्या कार्यालयातून निरोप आला की दोन कामं सुरू होतात. एक, नस्ती, म्हणजे प्रकरणाची फाइल, शोधणं. दोन, सापडलेली नस्ती 'ठीकठाक' करणं. पहिल्याला इलाज नाही. दुसऱ्यानेच बहुतेक वेळा घात होतो. राहिलेली सही आता करून घेणं, रिकामा रोजनामा (सुनावणीची तारीखवार नोंद) एका बैठकीत भरून काढणं, अडचणीची टिपणी 'चुकून लागली होती' म्हणून काढून ठेवणं, हे सगळं त्या ठीकठाक करण्यातच मोडतं. आणि ते ओळखू येतं. बारा तारखांचा रोजनामा एकाच पेनाने, एकाच वळणात, एकाही खाडाखोडीशिवाय लिहिलेला असेल तर ते कळायला हस्ताक्षरतज्ज्ञ लागत नाही.

मुळात न्यायालय काय पाहणार आहे ते आधी लक्षात घेतलं पाहिजे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ किंवा २२७ खालच्या याचिकेत उच्च न्यायालय तुमच्या निर्णयावर अपील ऐकत नसतं. अधिकार होता का, संबंधिताला ऐकलं का, समोरचे कागद पाहिले का, बाहेरच्या कुणाच्या सांगण्यावरून तर ठरलं नाही ना, कारणं दिली का, एवढंच ते पाहतं. त्याची उत्तरं निर्णयाच्या दिवशी नस्तीत जे होतं त्यातूनच निघायला हवीत. म्हणून अभिलेख तयार करणं म्हणजे निर्णय घेणाऱ्याच्या टेबलावर त्या दिवशी जे होतं ते, जसं होतं तसं, न्यायाधीशांना दोन मिनिटांत सापडेल अशा रीतीने मांडणं. त्यात एक कागद जास्त नको, एक कमी नको.

रेघ कुठे ओढायची

पहिलं काम तारखांचं. निर्णयाला साधारण तीन तारखा असतात: सक्षम अधिकाऱ्याने टिपणीवर मान्यता दिली ती, आदेश जावक झाला ती आणि तो संबंधिताला मिळाला ती. तिन्ही वेगवेगळ्या असू शकतात आणि तिन्ही अभिलेखावरून दाखवता आल्या पाहिजेत. बच्चित्तर सिंग विरुद्ध पंजाब राज्य या जुन्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की मंत्र्याने नस्तीवर लिहिलेला शेरा संबंधिताला आदेश म्हणून कळवला जात नाही तोवर तो आदेश नव्हे, तोवर तो बदलता येतो. त्यामुळे 'मान्यता तर आधीच मिळाली होती' या युक्तिवादाला जावक क्रमांक आणि पोच यांचा आधार नसेल तर फारसा अर्थ उरत नाही.

रेघ ओढायची ती आदेशावर सही झाली त्या तारखेला. त्याआधीचं सगळं एका भागात, त्यानंतरचं दुसऱ्या. याचिका आल्यावर मागवलेला खालच्या कार्यालयाचा अहवाल, नंतर काढलेले फोटो, नंतरची स्थळपाहणी, वकिलांशी झालेला पत्रव्यवहार हे पहिल्या भागात एका पानानेही शिरता कामा नये. यात लपवण्यासारखं काही नाही, फक्त हे त्या निर्णयाचा आधार नव्हते. दोन्ही एकत्र बांधले की पुढच्या तारखेला कुणीतरी विचारतंच: हा अहवाल आदेशानंतरचा आहे, मग आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात त्याचा उल्लेख कसा?

या नियमाचं मूळ मुंबईतच आहे. १९४७ साली अंधेरीत चित्रपटगृह बांधायला पोलीस आयुक्तांनी परवानगी दिली आणि काही आठवड्यांनी, शासनाच्या निर्देशावरून ती रद्द करण्यात येत आहे, अशा शब्दांचं पत्र पाठवलं. प्रकरण न्यायालयात गेल्यावर आयुक्तांनी शपथेवर सांगितलं की निर्णय माझा स्वतःचाच होता. गोरधनदास भानजी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. लेखी आदेशाचा अर्थ त्यातल्या शब्दांवरूनच लावायचा, तो काढणाऱ्याने आपल्या मनात काय होतं याचा नंतर केलेला खुलासा धरायचा नाही. पुढे १९७७ च्या अखेरीस मोहिंदरसिंग गिल प्रकरणात हेच तत्त्व आणखी ठसलं: आदेशात नसलेली कारणं प्रतिज्ञापत्रातून घालता येत नाहीत. आजही सरकारविरुद्धच्या याचिकेत हा निवाडा उद्धृत झाला नाही असं क्वचितच होतं.

याला एक दार उघडं आहे आणि तेही अभिलेखाचंच. आदेश अगदी त्रोटक असला तरी त्याच वेळच्या टिपणीत कारणं नोंदलेली असतील, तर ती दाखवता येतात. ईस्ट कोस्ट रेल्वेच्या २०१० च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या वेळी ठेवलेल्या अभिलेखातली कारणं विचारात घेता येतात हे मान्य केलंय. अर्थात ज्या अर्धन्यायिक (दोन्ही बाजू ऐकून न्यायालयासारख्या दिलेल्या) आदेशात कारणं लिहिणं कायद्यानेच बंधनकारक आहे तिथे हे दार अरुंद होतं. त्यामुळे टिपणी विभागाचं प्रत्येक पान मोलाचं, आणि म्हणूनच त्यात मागाहून घातलेली एक ओळ अख्ख्या नस्तीवरचा विश्वास उडवते.

आधी याचिका वाचा, मग कपाट उघडा

बऱ्याचदा महसूल सहायकाच्या हातात फक्त याचिकेचा क्रमांक आणि अर्जदाराचं नाव दिलं जातं आणि 'फाइल काढा' म्हणून सांगितलं जातं. मग येते ती त्या माणसाची कुठलीतरी फाइल. याचिकेतली विनंती कलमं वाचा: कोणता आदेश रद्द करायचा आहे, कोणत्या तारखेचा, कोणाचा. फेरफाराच्या प्रकरणात मंडळ अधिकाऱ्याची नोंद, प्रांतांचं अपील, अपर जिल्हाधिकाऱ्यांचं दुसरं अपील, अपर आयुक्तांकडचं पुनरीक्षण अशी चार-पाच पायऱ्यांची चार-पाच दप्तरं असतात. आव्हान शेवटच्या आदेशाला असलं तरी न्यायालय 'खालपासूनचा' अभिलेख मागू शकतं. अशा वेळी प्रत्येक कार्यालयाने आपापली संचिका स्वतंत्र ठेवावी. एकत्र शिवून एक जाड गठ्ठा केला की कुठलं पान कोणासमोर होतं हेच कळेनासं होतं.

याचिका कुठल्या खंडपीठापुढे आहे तेही पाहून घ्या. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालंय आणि सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची कामं तिथे आहेत. मुंबईला संदेशवाहक पाठवून मग कळणं ही टाळता येण्याजोगी गोष्ट आहे.

कागद कुठे कुठे असतात? मुख्य संचिका अभिलेख कक्षात असेल किंवा कार्यासनावर. पण सहा गठ्ठे पद्धती (कार्यालयातले कागद सहा गठ्ठ्यांत लावून ठेवण्याची रीत) कागदावर कितीही नीट असली तरी एका प्रकरणाचे कागद एका ठिकाणी क्वचितच असतात. नोटिशीची पोच बजावणी करणाऱ्याकडेच राहिलेली असते. पोलीस अहवाल गोपनीय शाखेत. विधी व न्याय विभागाचा अभिप्राय वेगळ्या नस्तीत. आधीच्या अधिकाऱ्याने वाचायला म्हणून बंगल्यावर नेलेला भाग तिथेच. म्हणून बारनिशीची (टपाल घेणाऱ्या-पाठवणाऱ्या शाखेची) आवक नोंदवही आणि जावक नोंदवही समोर ठेवून प्रकरण क्रमांकाने दोन्ही चाळा आणि आवक-जावक झालेल्या प्रत्येक कागदाची यादी करा. मग संचिकेशी ताडून पाहा. नोंदवहीत आहे पण संचिकेत नाही, असे कागद नेमके हेच असतात: पक्षकाराचा लेखी युक्तिवाद, मुदतवाढीचा अर्ज, हरकत. आणि याचिकेत तक्रारही हीच असते की 'माझं म्हणणं विचारात घेतलं नाही.' अर्जदाराकडे बारनिशीच्या शिक्क्याची प्रत आहे आणि संचिकेत तो अर्जच नाही, ही परिस्थिती न्यायालयात कळण्यापेक्षा कार्यालयात कळलेली बरी.

ई-ऑफिसमधल्या नस्तीची तऱ्हा वेगळी. तिथे पुढे पाठवलेली हिरवी टिपणी बदलता येत नाही, प्रत्येक हालचालीला वेळेचा ठसा असतो, हे चांगलंच. पण अनेक नस्त्या अर्ध्या कागदावर आणि अर्ध्या प्रणालीत आहेत. कागदी नस्ती एका पानावर संपते आणि पुढची टिपणी ई-ऑफिसमध्ये नव्या क्रमांकाने सुरू होते. दोन्ही ठिकाणी एकमेकांचा संदर्भ नसेल तर न्यायालयापुढे अर्धीच गोष्ट जाते. छापील प्रत काढताना टिपण्या, पत्रव्यवहार, मसुदे आणि हालचालींचा तपशील असे चारही भाग काढावेत. नुसती टिपणी काढून चालत नाही. फोटो, चित्रीकरण, ध्वनिमुद्रण असेल तर मूळ साठवण हलवू नये. प्रत काढतानाच तिचं हॅश मूल्य (फाइलमध्ये बदल झाला तर बदलणारा तिचा ओळख-आकडा) लिहून ठेवावं. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात ते द्यावं लागतं, आणि रिट याचिकेत असं प्रमाणपत्र नेहमी मागत नसले तरी तेच प्रकरण पुढे दुसऱ्या न्यायालयात गेलं की लागतं.

निर्णय मोबाइलवरच्या संदेशांतून झाला असेल तर? होतं असं, आणि नाकारण्यात अर्थ नाही. ते संदेश त्या वेळी नस्तीवर घेतले नसतील तर आज मागची तारीख घालून टिपणी लिहू नये. आजच्या तारखेने, आजच्या सहीने, अमुक दिवशी असे संदेश आले होते अशी नोंद करून ती रेघेच्या पलीकडच्या भागात लावावी आणि सरकारी वकिलांना सांगून टाकावं.

पानं घालणं

हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणून सगळ्यात शेवटी, सगळ्यात नवख्या माणसाकडे जातं. खरं तर अख्ख्या तयारीत याचंच महत्त्व जास्त.

टिपणी विभाग आणि पत्रव्यवहार विभाग (प.वि.) यांना स्वतंत्र पृष्ठांक असतात. टिपणीत 'पृ. ४३/प.वि. वरील अर्ज कृपया पाहावा' असं लिहिलेलं असतं आणि अधिकाऱ्याने त्यावर सही केलेली असते. आता न्यायालयासाठी म्हणून कुणी सगळ्या पानांना सलग नवे आकडे घातले आणि जुने खोडले, की पृ. ४३ वर भलतंच काहीतरी येतं. अधिकाऱ्याने काय पाहून सही केली हे दाखवणारा एकमेव धागा तुटतो. म्हणून जुने पृष्ठांक तसेच राहू द्यावेत. नवे सलग क्रमांक लागणारच असतील तर पेन्सिलीने, पानाच्या दुसऱ्या कोपऱ्यात, आणि यादीत दोन्ही क्रमांक द्यावेत.

पाठपोट कागदांची मागची बाजू मोजा. बजावणीचा शेरा, घरी न सापडल्याने नोटीस दाराला चिकटवल्याचा पंचनामा, पक्षकाराचा अंगठा, बारनिशीचा शिक्का हे बहुधा पाठीमागेच असतं. एका बाजूने छायाप्रती काढल्या की हे सगळं गळून पडतं आणि नोटीस बजावलीच नव्हती असं दिसू लागतं. स्कॅन रंगीत काढावं, निदान ३०० डीपीआयचं. शाईच्या रंगावरून कोणता शेरा कोणाचा हे कळतं. काळ्यापांढऱ्या प्रतीत साहेबांचा शेरा आणि कारकुनाची खूण सारखीच दिसते. टिपणीला लावलेल्या पताका आणि चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या काढण्याआधी त्यांच्यासकट पान स्कॅन करा. चिठ्ठीवर 'मा. मंत्री महोदयांशी बोलणे झाले' असं लिहिलेलं असेल तर ती गैरसोयीची आहे खरी, पण ती अभिलेखाचा भाग आहे.

पान गहाळ असेल तर तिथे एक कोरा कागद लावून, 'पृ. ५१ व ५२ आढळून आले नाहीत', तारीख, नाव, पदनाम, सही, एवढं लिहावं. आकडे सरकवून भोक बुजवू नये. माहिती अधिकारात टिपण्या मिळतात, आणि याचिका दाखल करणाऱ्या वकिलाने बहुधा त्या आधीच मिळवलेल्या असतात. तुमच्या नस्तीतल्या पानांची प्रत त्यांच्याकडे आहे असं गृहीत धरूनच काम करावं.

यादीत अनुक्रमांक, कागदाचा प्रकार, तारीख, कोणाकडून कोणाला, आवक किंवा जावक क्रमांक, पृष्ठ कुठून कुठपर्यंत, मूळ की प्रत, हे रकाने पुरतात. 'इतर कागदपत्रे, पृ. ६० ते १४०' अशी नोंद म्हणजे यादीच नव्हे. यादीच्या तीन प्रती: एक नस्तीत, एक सरकारी वकिलांना, एक कार्यालयात.

प्रमाणित प्रती द्यायच्या असतील तर प्रत्येक प्रतीखाली ती खरी नक्कल असल्याचं प्रमाणपत्र, तारीख, अधिकाऱ्याचं नाव आणि पदनाम, सही, शिक्का हे सगळं हवं. नुसता 'सत्यप्रत' असा रबरी शिक्का आणि त्याखाली न वाचता येणारी गिरगटलेली सही पुरत नाही.

उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत, आपली नस्ती मराठीत. भाषांतर शेवटच्या आठवड्यावर टाकलं की फक्त टंकलिखित मजकूर भाषांतरित होतो आणि समासातले हस्तलिखित शेरे राहून जातात, जेव्हा बऱ्याचदा खरा निर्णय समासातच झालेला असतो. हस्ताक्षर लागत नसेल तर ते ज्यांचं आहे त्यांना किंवा त्यांच्या हाताखाली काम केलेल्यांना विचारा. भाषांतरकाराला अंदाज बांधायला लावू नका.

रोजनामा

अर्धन्यायिक प्रकरणात टिपणीपेक्षा रोजनामा महत्त्वाचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २३७ प्रमाणे औपचारिक आणि संक्षिप्त चौकशी ही न्यायिक कार्यवाहीच समजली जाते. म्हणजे तारखेला कोण हजर होतं, कोणी मुदत मागितली, कोणी युक्तिवाद केला, काय दाखल झालं आणि प्रकरण निकालासाठी कधी बंद केलं हे त्या त्या दिवशी, सहीनिशी नोंदलेलं असायला हवं.

रोजनाम्यात तीन ठिकाणी प्रकरणं फसतात. पहिलं, निकालासाठी बंद केल्यावर आलेले कागद. बंद झाल्यानंतर एका बाजूने दाखल केलेला सातबारा किंवा मोजणी नकाशा आदेशात आधार म्हणून येतो आणि दुसऱ्या बाजूला तो दाखवलेलाच नसतो. दुसरं, ऐकलं एकाने आणि निकाल दिला दुसऱ्याने. बदलीच्या हंगामात हे सर्रास होतं: आधीच्या साहेबांनी सुनावणी पूर्ण केली, नवे रुजू झाले, त्यांनी संचिका वाचून आदेश लिहिला. ऐकणाऱ्यानेच निर्णय द्यायचा हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ पासून, गुल्लापल्ली नागेश्वर राव प्रकरणापासून सांगितलेलं आहे. अभिलेख तयार करताना रोजनाम्यावरच्या शेवटच्या सुनावणीची सही आणि आदेशावरची सही शेजारी ठेवून पाहा. वेगळ्या असतील आणि मध्ये फेरसुनावणीची नोंद नसेल, तर लढवत बसण्यापेक्षा आदेश मागे घेऊन नव्याने सुनावणी घेण्याचा पर्याय वकिलांपुढे ठेवणं शहाणपणाचं. तिसरं, 'उभयपक्ष गैरहजर' असा शिक्का मारलेल्या तारखा, ज्यांच्या नोटिशींची पोचच संचिकेत नाही.

तडीपारीची संचिका: एक नमुना

सगळ्यात कडक तपासणी होते ती माणसाच्या हिंडण्याफिरण्यावर घाला घालणाऱ्या आदेशांची. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ५६ खालचा तडीपारीचा आदेश घ्या. संचिकेत पोलीस ठाण्याचा प्रस्ताव, गुन्ह्यांचा तक्ता, प्रथम खबरी (एफआयआर), गोपनीय साक्षीदारांचे जबाब, कलम ५९ ची नोटीस, तिची पोच, संबंधिताचं उत्तर, चौकशी अधिकाऱ्याचा अहवाल आणि आदेश असा क्रम असतो.

आता हे तपासा. आदेशात जितके गुन्हे मोजलेत तितकेच नोटिशीत होते का? एखादा गुन्हा नोटिशीत नसून आदेशात आला असेल तर त्यावर बचावाची संधीच दिली नव्हती. गुन्ह्यांच्या तक्त्यात 'न्यायप्रविष्ट' असं लिहिलेल्या प्रकरणात निर्दोष सुटका झालेली आहे का? हा तक्ता ठाण्यात जुन्या प्रस्तावावरून उतरवला जातो आणि निकाल भरायचे राहतात. न्यायालयातून आजची स्थिती काढून पाहणं एवढाच उपाय. शेवटचा गुन्हा आणि प्रस्ताव यांत किती अंतर आहे? दोन वर्षांपूर्वीच्या गुन्ह्यावर आज माणसाला जिल्ह्याबाहेर घालवायचं तर मधल्या काळाबद्दल संचिकेत काहीतरी हवं.

गोपनीय जबाबांचं तर विशेष. साक्षीदार भीतीपोटी उघड पुढे येत नाहीत याबद्दल अधिकाऱ्याचं मत बनलेलं हवं, आणि ते मत जबाब वाचून बनलं हे कुठेतरी दिसायला हवं. जबाबाखाली वरिष्ठांनी पडताळणी केल्याची सही असते, पण तारीख नसते, किंवा पडताळणीची तारीख प्रस्ताव पुढे पाठवल्यानंतरची असते. दोन जबाब शब्दन् शब्द सारखे असतात, फक्त ठिकाण आणि रक्कम बदललेली. हे दोष आज दुरुस्त होत नाहीत. वकिलांना आधी सांगता येतात, एवढंच.

जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जालना जिल्ह्यातला एक तडीपारीचा आदेश रद्द केला, तो मुख्यतः अभिलेखावरूनच. तडीपारी ही असाधारण कारवाई आहे, व्यक्तिनिष्ठ समाधानाला वस्तुनिष्ठ आधार अभिलेखात हवा, आणि कमाल म्हणजे दोन वर्षांची मुदत घातली तर ती का, याचं समर्थन हवं, असं त्यात म्हटलंय. हा निवाडा आल्यावर अनेक ठिकाणी आदेशाच्या साच्यातच 'दोन वर्षे आवश्यक आहेत' असं छापील वाक्य घातलं गेलं. असं वाक्य नसणं आणि असणं यात फारसा फरक नाही. मुदत का, हे त्या माणसाच्या संचिकेतून दिसावं लागतं.

परिच्छेदवार अभिप्राय आणि प्रतिज्ञापत्र

अभिलेख बांधून, यादी होऊनच अभिप्राय लिहायला घ्यावेत. उलट क्रमाने केलं की अभिप्राय आठवणीवर लिहिले जातात आणि मग त्यांना साजेसे कागद शोधले जातात. याचिकेच्या प्रत्येक परिच्छेदासमोर मान्य, अमान्य किंवा अभिलेखाचा भाग असं लिहून पुढे पृष्ठांक द्यावा. 'परिच्छेद ५ मधील मजकूर खोटा असल्याने अमान्य' याचा वकिलांना काहीच उपयोग नसतो. 'नोटीस अमुक तारखेला बजावली, पोच पृ. ३७/प.वि. मागील बाजू' याचा असतो.

सत्यापनात कोणते परिच्छेद स्वतःच्या माहितीवरून, कोणते अभिलेखावरून आणि कोणते कायदेशीर सल्ल्यावरून हे वेगळं सांगावं लागतं. दोन महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या अधिकाऱ्याने तीन वर्षांपूर्वीच्या सुनावणीबद्दल 'माझ्या व्यक्तिगत माहितीप्रमाणे' असं शपथेवर म्हणणं धोक्याचं. याचिकेत एखाद्या अधिकाऱ्यावर नाव घेऊन आकसाचा आरोप असेल आणि त्याला प्रतिवादी केलेलं असेल, तर त्याचं उत्तर त्यानेच स्वतंत्र प्रतिज्ञापत्राने द्यावं. कार्यालयाच्या सर्वसाधारण उत्तरातून तो आरोप खोडला जात नाही, आणि न खोडलेला आरोप न्यायालय गंभीरपणे घेतं.

गोपनीय आणि गहाळ

नस्तीतला एखादा कागद द्यायचा नसेल तर तो गुपचूप काढून ठेवणं हा मार्ग नाही. त्या जागी नोंद ठेवून तो लिफाफ्यात वेगळा करावा आणि विशेषाधिकाराचा दावा विभागप्रमुखाच्या पातळीवर, कागदागणिक कारण देऊन करावा. साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२९ आणि १३० चा उल्लेख केला म्हणजे दावा झाला असं नाही. कागद न्यायालयात न्यावाच लागतो, हरकतीवर निर्णय न्यायालय देतं. बंद लिफाफा सादर करण्याची सवयही आता महागात पडते. ५ एप्रिल २०२३ च्या मल्याळम वृत्तवाहिनीच्या प्रकरणातल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक शब्दांत लिहिलंय. गोपनीय साक्षीदाराचं नाव झाकणं वेगळं आणि अख्खा जबाब झाकणं वेगळं.

नस्तीच सापडत नसेल तर 'शोध सुरू आहे' असं सांगून तीन तारखा काढणं ही सगळ्यात वाईट चाल. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ खाली अभिलेख बेकायदा नष्ट करण्याला ५ वर्षांपर्यंत कारावास किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे, तेव्हा हा प्रश्न व्यक्तिशः अंगावर येऊ शकतो. आधी नाश-यादी तपासा: 'क' आणि 'क-१' वर्गांचे कागद ठरलेली वर्षं झाली की नियमाने नष्ट होतात, आणि याचिका त्याहून जास्त वर्षं पडून राहते. म्हणूनच याचिकेची नोटीस मिळाल्याच्या दिवशीच संचिकेच्या वेष्टनावर आणि अभिलेख कक्षाच्या नोंदवहीत, दोन्हीकडे, 'न्यायप्रविष्ट, नष्ट करू नये' असं याचिका क्रमांकासह लिहावं. नुसतं वेष्टनावर लिहिलेलं पुरत नाही. वेष्टनं बदलतात, रुमाल बदलतात, यादी मात्र नोंदवहीवरून बनते.

नस्ती खरोखरच गेली असेल तर पुनर्बांधणी करता येते: स्थळप्रती (पाठवलेल्या पत्रांच्या कार्यालयात ठेवलेल्या प्रती), वरच्या-खालच्या कार्यालयांकडच्या प्रती, पक्षकारांकडच्या प्रमाणित नकला, बारनिशीच्या नोंदी. प्रत्येक कागदावर तो कुठून मिळाला हे लिहावं आणि वेष्टनावर 'पुनर्बांधणी केलेली संचिका' असं ठळक असावं. टिपण्या मात्र परत मिळत नाहीत. त्या आठवून लिहिणं म्हणजे पुनर्बांधणी नव्हे.

नेणं आणि आणणं

मूळ नस्ती टपालाने पाठवू नये. प्रकरणाची माहिती असलेला अधिकारी ती घेऊन जातो. शिपाई नस्ती पोचवतो, पण 'पृ. १८ वरची ही सही कोणाची?' याचं उत्तर देऊ शकत नाही. सुनावणीच्या आदल्या दिवशी सरकारी वकिलांबरोबर अर्धा तास बसून पाच-सहा महत्त्वाच्या पानांवर पताका लावाव्यात. जास्त नकोत, चाळीस पताकांच्या नस्तीत काहीच सापडत नाही.

न्यायालयाने अभिलेख पाहून परत केला तर त्याच दिवशी यादीशी ताडून पानं मोजावीत. ठेवून घेतला तर पोच घ्यावी आणि अभिलेख कक्षाच्या नोंदवहीत तो कुठे आहे ते लिहावं. वकील बदलतात, याचिका वर्षानुवर्षं चालते, आणि निकालात प्रकरण फेरसुनावणीसाठी परत पाठवलं की तीच संचिका मुदतीच्या आत लागते. फेरसुनावणीचा आदेश मिळाल्यावर त्याची प्रत लावून पुढचे कागद नव्या भागात, नव्या पृष्ठांकाने सुरू करावेत आणि पहिली नोटीस काढण्याआधी न्यायालयाने घातलेली मुदत रोजनाम्याच्या पहिल्याच ओळीत लिहून ठेवावी.